दामूअण्णांची चाचणी

वृषालीला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी खाटेवरून उठायची बंदी केली आणि इंदूरहून माहेरी, भरे गावी बाळंतपणाला येणं राहून गेलं. गंगूबाईंनी दोन दिवस डोळे पुसले. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, "आई, तुझ्या हातच्या अळूवड्या खाव्याशा वाटतायत गं." गंगूबाई तडक परसात अळू कापायला निघाल्या.

"थांब!" दामूअण्णा म्हणाले. "वड्यांचे उकडलेले उंडे दोन दिवस टिकत्यात. तिसऱ्या दिवशी पोचले तर पोरगी काय खाणार? आधी चाचणी."

अण्णांनी पिरंगुटच्या कारखान्यात तीस वर्षं माल रवाना करण्याच्या खात्यात काढली होती. चाचणीशिवाय त्यांनी तिथून साधा बोल्टही बाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांनी बांधावरचे अर्ध्या अर्ध्या किलोचे तीन दगड उचलले, तीन खोक्यांत भरले आणि सोमवारी एकाच वेळी रवाना केले. एक पोस्टानं, एक ट्रॅव्हल्सच्या बसनं, एक कुरियरनं.

"पोरीला सांगा तरी," गंगूबाई म्हणाल्या.

"सांगितलं की चाचणी खरी राहत न्हाई."

गुरुवारी पोस्टाचं खोकं पोचलं. वृषालीचा फोन आला, आवाज अगदी दबका. "अण्णा, दगड कशाला पाठवलात? सासूबाईंना वाटलं आपलं कुलदैवत आहे. कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलाय!"

"असू दे. हातात किती वाजता मिळाला?"

ट्रॅव्हल्सचं खोकं मंगळवारीच इंदूरला पोचलं होतं, पण जावयांना सवड मिळेपर्यंत ते स्टँडवरच पडून राहिलं. शुक्रवारी ते घरी आलं. "देव्हाऱ्यात आता दोन झाले," वृषाली म्हणाली. "अण्णा, दगडाला आपल्या शेतातली माती होती. ती धुवायच्या आधी मी वास घेत बसले होते."

अण्णा चष्मा पुसत राहिले. पण सवय वाईट. त्यांनी वहीत दोन्ही वेळा लिहिल्या आणि कुरियरला फोन लावला. तिथून कळलं, ग्राहक घरी नव्हता.

"घरी न्हवता?" अण्णा ओरडले. "अवो, तिला खाटेवरनं उठायचीबी बंदी हाय!"

गंगूबाईंनी हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं. "मग वड्या कदी पाठवायच्या?"

"कुरियरचा निकाल लागू दे."

"लागू दे. मी चार दिस भावाकडं जाऊन येते ताम्हिणीला." त्यांनी मोठा डबा भरला. भावाला एवढा डबा कशाला, हे अण्णांना त्या तिसऱ्या दगडाच्या काळजीत सुचलंच नाही.

शनिवारी दुपारी अण्णांनी वृषालीला फोन लावला. "बाळा, कुरियरवाला आला का?"

"आत्ताच आला," पलीकडून आवाज आला. "सही म्याच केली."

"कोण? गंगू? तू तितं कशी?"

"रातच्या बशीनं. सकाळी पोचले. वड्या तळल्या, पोरीनं सहा खाल्ल्या. आता मांडीवर डोकं ठेवून निजलीय." गंगूबाईंचा आवाज हळू झाला. "झोपेत 'अण्णा' म्हणाली. ऐकताय न्हवं?"

अण्णा ऐकत होते. त्यांना वहीही दिसत नव्हती, इतके डोळे भरले होते. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांचा माल वेळेवर पोचवला, त्या माणसाला आपण स्वतः जाऊ शकतो हे सुचायला तीन दगड लागले.

संध्याकाळी ते ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात उभे राहिले. खिडकीतल्या माणसानं ओळखलं. "काका, परत इंदूर? वजन किती हाय?"

"बासष्ट किलो."

"बासष्ट? फुटायचा माल हाय का?"

"लई," अण्णा म्हणाले. "खिडकीपाशी जागा द्या."