टोकेबाईंची चोच

एका जंगलात, बाळांनो, टोकेबाई नावाच्या सुतारपक्षीण राहत होत्या. झाडाच्या खोडाला कान लावला, की आत कीड नेमकी कुठे आहे ते त्यांना कळे. चार टोल्यांत किडा बाहेर! वडापासून बाभळीपर्यंत सगळी झाडं त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत.

त्यांच्या यजमानांना, दगडूरावांना, समुद्रापलीकडच्या जंगलात पानं मोजायची नोकरी लागली. सोबत बायकोला नेता येणार होतं. दोघं तिकडे जायच्या परवानगीचा अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले.

खिडकीत बगळेसाहेब एका पायावर उभे होते.

"नवरा-बायको आहात, याला पुरावा?"

"अहो, रांगेत तासभर भांडत होतो की आम्ही!" टोकेबाई म्हणाल्या.

"भांडण चालत नाही. हसरा फोटो लागतो. तुम्ही काय करता?"

"झाडांवर उपचार."

"तो रकाना नाही." साहेबांनी लिहिलं, 'परावलंबी.' "आता इथे सही करा. तिकडे चोच चालवणार नाही म्हणून."

टोकेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, सहीच तर आहे," दगडूराव म्हणाले. "जरा आराम कर!"

टोकेबाईंनी चोचीनेच सही केली.

तिकडे त्यांना एका उंच, देखण्या झाडावर घर मिळालं. त्याच झाडाची पानं दगडूराव मोजत. तिसऱ्याच दिवशी टोकेबाईंना खोडातून करकर ऐकू आली. त्या तडक कचेरीत गेल्या. तिथेही बगळाच होता.

"कीड झाडाला आतून पोखरतेय हो! चार टोले मारू द्या."

"परवाना आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला काही ऐकू आलेलं नाही."

दगडूरावही म्हणाले, "गप्प बस गं, माझी नोकरी जाईल."

दोन वर्षं टोकेबाई त्या खोडाला टेकून बसून राहिल्या. करकर वाढत गेली. चोच शिवशिवली, की त्या ती पंखात खुपसून ठेवत आणि डोळे मिटून घेत.

एका दुपारी झाड कोसळलं. घर गेलं. मोजायला पानं उरली नाहीत, म्हणून दगडूरावांची नोकरीही गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीवर पाटी लागली, 'कीड ओळखणारे सुतारपक्षी तातडीने हवेत.'

टोकेबाई उजाडायच्या आत रांगेत पहिल्या. बगळ्याने त्यांचे कागद उलटेपालटे करून पाहिले. मग हळहळून म्हणाला,

"अनुभव छान आहे हो. पण गेली दोन वर्षं तुम्ही नुसत्याच बसून होतात, असं दिसतंय!"

तात्पर्य: बाळांनो, खूप शिकावं, अंगी हुन्नर बाणवावा, पण अर्जाच्या रकान्यात मावेल तेवढाच.