निघालेल्याला कुठं विचारू नये

बोर्लीचा भागोजी बहिणीला शेवटचं भेटायला निघाला होता. सकाळीच आगरदांड्याहून निरोप आला होता, आवडाक्काचं काही खरं नाही, असाल तसे या. त्याने पिशवी उचलली, उंबरा ओलांडला आणि शेजारचा दयाराम म्हणाला, "कुठं निघाले, दादा?"

झालं. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की कामाचा विचका होतो, याबद्दल भागोजीला तिळमात्र शंका नव्हती. तो मागे फिरला, पाटावर टेकला, गूळ खाऊन पाणी प्यायला आणि पुन्हा निघाला. तेवढ्यात दिघीच्या धक्क्यावरून आगरदांड्याची होडी सुटली.

धक्क्याला नजमुद्दीनचा मचवा तेवढा उभा होता. भागोजी त्यात चढला.

"काका, जायाचं कुठं?" नजमुद्दीनने विचारलं.

"तू बी तसलाच," भागोजी भडकला. "निघाल्या मानसाला कुठं इचारतात व्हय? लांब जायाचं काय, असं इचारावं."

नजमुद्दीन सभ्य माणूस. "माफ करा," तो म्हणाला. "लांब जायाचं काय?"

"व्हय."

"मग बसा."

हे ऐकून बाकीच्या उतारूंनीही तोंडं मिटली. भागोजी शिडाच्या आडोशाला, पाण्याकडे पाठ करून बसला. अक्काने लहानपणी कडेवर वागवलं होतं, ते आठवून त्याचे डोळे भरून येत होते. मचवा कुठल्या बाजूला चाललाय, इकडे त्याचं लक्षच नव्हतं. मचवा टेकला तो खाडीच्या पार आत, मांदाडला.

"आरं, मला आगरदांड्याला जायाचं व्हतं."

"ते तर दिघीच्या समोरच," नजमुद्दीन कळवळून म्हणाला. "तुमी लांब म्हनाले. आनि इचारायची सोय न्हवती."

"मग फिरव मागं."

"ओहटी लागली, काका. पानी चढल्याबिगर मचवा हलायचा न्हाय."

भागोजी चिखलाकडे बघत बसून राहिला.

भरती आल्यावर नजमुद्दीनने त्याला आगरदांड्याला सोडलं, तेव्हा दिवस मावळत होता. आवडाक्का दुपारीच गेली होती.

ओटीवर माणसं बसली होती. सगळी रीतीची. उशीर का झाला, दिवसभर होता कुठे, कोणी विचारलं नाही. कोणीतरी विचारावं, म्हणजे सांगून जरा मोकळं होता येईल, असं भागोजीला फार वाटत होतं.

भाची गोदू तेवढी जवळ आली. "मामा, आयनं तुमचाच ध्यास घेतला व्हता. शेवटपर्यंत एकच इचारीत व्हती, भागा कुठं हाय, भागा कुठं हाय."

भागोजी अक्काच्या उशाशी बसला. या वेळी तो रागावला नाही.

"मांदाडला व्हतो गं, अक्का," तो म्हणाला.