अरुंधतीचा उजेड

संध्याकाळच्या लग्नात भटजी बोट वर करून "ती पाहा अरुंधती" म्हणतात आणि नवरा-नवरी मंगल कार्यालयाच्या छताला निमूटपणे हात जोडतात. आमचे पुंडलिकभाऊ तेवढ्यात कॅमेरा खाली ठेवतात. "महाराज, तो पंखा हाय," म्हणतात आणि जोडप्याला शालू-शेल्यासकट बाहेर, गाड्या लावल्यात तिथं नेतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. ती दोघांना दिसल्याशिवाय पुढचा फोटो नाही. पंगत खोळंबते, वरमाई फुगते, भाऊ हलत नाहीत.

कारंजा लाडला भाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं कॉम्प्युटरवर मी बसते. माझं माहेर आजऱ्याचं. नववीत शाळा सुटली आणि लग्न होऊन एवढ्या लांब आले. काम मागायला गेले की लोक शिक्षण विचारायचे आणि परत पाठवायचे. भाऊंनी एवढंच विचारलं, "माउस धरता येते काय वं ताई?" येत नव्हता. तरी ठेवून घेतलं. म्हणून भाऊंना साधा ठसका लागला तरी मी पाण्याचा ग्लास घेऊन धावते.

यंदाच्या लग्नसराईत भाऊंनी नवीनच लावून धरलं. "अरुंधती मंद होऊन राह्यली." गिऱ्हाइकाला सांगायचे, कुरियरवाल्याला सांगायचे. समोरचे पानवाले रफिकभाई एकदा म्हणाले, "भाऊ, अकोल्याले जाऊन डोये दाखवा. चांदनीले कायले बदनाम करता?"

"माह्या डोयाले काय धाड भरली? लग्नाचे फोटो मंग कोन काढते, तुहा बाप?"

मी मान खाली घातली. ते फोटो मीच बघत होते. नवरदेव धूसर आणि मागची प्लास्टिकची खुर्ची लख्ख. भाऊंचे डोळे गेले तर स्टुडिओ गेला, आणि मला दुसरं कोण ठेवून घेणार? देवा, चांदणीच मंद निघू दे, असं मी रोज मनात म्हणायचे.

शेवटी भाऊंनी पुरावाच काढायचं ठरवलं. कॅमेऱ्यातून निघतो तो कच्चा फोटो, म्हणजे रॉ. अरुंधतीचे जुने रॉ त्यांनी जपून ठेवले होते, नवेही काढले. ते सगळे 'फिट्स' नावाच्या फाईलमध्ये बदलायचे. दुर्बीणवाले शास्त्रज्ञ हीच फाईल वापरतात. दिसायला नुसता काळोख, पण कुठल्या ठिपक्यावर किती उजेड पडला त्याचा आकडा तिच्यात असतो. वसिष्ठाच्या मानानं अरुंधती तेव्हा किती होती आणि आता किती आहे, एवढंच ताडून पाहायचं.

"साधा फोटो म्हंजे पावडर लावेल नवरी," भाऊ म्हणाले. "फिट्स म्हंजे सकायी उठल्यावरचं तोंड."

अख्खी दुपार त्यात गेली. मध्ये लाईट गेली, ती येईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. पहिल्या खेपेला अरुंधती उलट आधीपेक्षा उजळ निघाली. पाहते तर काय, उघडेल तो फोटो आधी गोरा करायचा, असं भाऊंनीच कॉम्प्युटरला लावून ठेवलेलं.

"अरे, अरुंधतीचंबी फेशियल केलं काय यानं!"

ते बंद केलं. पुन्हा रॉ, पुन्हा फिट्स. मान भरून आली, डोळे चुरचुरले. मग आकडे आले. जुन्या फोटोत जे प्रमाण, तेच नव्यात.

भाऊ पडद्याला नाक लावून बसले होते. "वाच वं."

त्यांना आकडे दिसतच नव्हते. मी काहीही वाचलं असतं तरी खपलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण निघालं ते खरंच. "सारखंच आहे, भाऊ. अरुंधती होती तशीच आहे."

भाऊ पडद्यापासून मागं सरकले. मला डोळ्यांसमोर स्टुडिओचं बंद शटर दिसत होतं.

"म्हंजे तिले काई झालं नाई?"

"नाही."

"बरं झालं वं ताई." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लय घोर लागून राह्यला होता. वाटे, वसिष्ठ एकटाच राह्यला का काय."

मग उठले. "अकोल्याची गाडी भेटन आता. येतं काय संग? नवऱ्याले फोन करून सांग, नाई तं वाट पाहत बसन बिचारा."

मी फोन केला. वहिनी गेल्यापासून भाऊंना घरी सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी कुलूप लावलं आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "रफिक! डोये दाखवाले चाललो! अन् आइक, ती ठीक हाय!"