गुलाबरावांनी घासलेले दिवे

गुलाबरावांना छत्री उसनी दिली, की ती दुरुस्त होऊनच परत येते. मोडलेली असो वा नसो. एका लग्नात तर ते भर पंगतीतून उठले, कुरकुरणारा पंखा बंद करवला, स्टुलावर चढले आणि खिशातून पेचकस काढला. वरमाय बघतच राहिली. लग्नाला पेचकस घेऊन जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दारव्ह्यात ते माझे शेजारी. सारी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून केली, त्यामुळे मेकॅनिककडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "नवीन टाका म्हणायले मेकॅनिक कायले पायजे? अजून जीव आहे यात!" हे वाक्य त्यांनी मिक्सरबद्दल, चपलेबद्दल आणि एकदा माझ्याबद्दलही वापरलं आहे.

त्यांची मुलगी वर्षा नर्स आहे, पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकेंद्रात. गुलाबरावांनी खटपट करून तिची बदली दारव्ह्याला जुळवत आणली होती. तिनं नको म्हटलं. "तिथं दुसरं कोणी नाही, बाबा." तेव्हापासून दोन वर्षं अबोला. ती समोर असली, तरी तिला काय सांगायचं ते गुलाबराव बायकोला नाहीतर मला सांगत.

गेल्या दिवाळीनंतर वर्षा दोन दिवसांसाठी आली. तिची जुनी, सेकंडहँड गाडी दारात उभी राहिली. हेडलाइटच्या काचा लोणच्याच्या बरणीसारख्या पिवळ्या पडलेल्या. गुलाबरावांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मास्तर, हिले विचारा, रस्ता दिसते का अंदाजानं चालवते?" ते मला म्हणाले.

वर्षा दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. "काका, गॅरेजवाला म्हणते नवीन सेट टाका. पण या मॉडेलचा मिळतच नाही," तिनं मला सांगितलं.

मी टूथपेस्ट सुचवली. मोबाइलवर पाहिलं होतं.

"त्यानं चार दिवस चमकते, मास्तर. हिले अंधारात बाळंतपणाले जा लागते. मधात जंगल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच काम सुरू झालं. गाडीच्या रंगाला ओरखडा नको म्हणून काचेभोवती चिकटपट्टी लावली. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत. थोड्याच वेळात काच पिवळीची पांढरी झाली. अगदी दुधासारखी. आरपार काहीच दिसेना.

गुलाबरावांच्या घरातून वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पोरीले उद्या ड्युटीवर जायाचं आहे! होतं तेही घालवलं तुम्ही!"

"बिघडलं नाही. वरचा मेलेला थर निघून राह्यला," मान वर न करता गुलाबराव म्हणाले.

पेपर बारीक झाला, मग त्याहून बारीक. दोनदा आणलेला चहा दोनदा निवला. मी मदतीला बसलो, तर "तुम्ही भांडे घासल्यावाणी घासता" म्हणून माझ्या हातातला पेपर त्यांनी काढून घेतला. बोटं पाण्यानं सुरकुतली, कंबर धरली, पण उठले नाहीत. दुपारी फडक्यावर पॉलिश घेऊन घासू लागले, आणि त्या दुधातून हळूहळू आतला बल्ब दिसू लागला. शेवटी वरून पारदर्शक लॅकरचा फवारा मारला, उन्हानं काच पुन्हा पिवळी पडू नये म्हणून. तो वाळेपर्यंत, धूळ उडेल या धाकानं, त्यांनी आमच्याही अंगणात झाडू लागू दिला नाही.

सकाळी वर्षा निघाली. गाडीत बसून तिनं लाइट लावले. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. ती बराच वेळ त्याकडे बघत बसली.

"मास्तर, तिले सांगा..." गुलाबराव म्हणाले आणि थांबले. मग स्वतःच खिडकीपाशी गेले.

"सहा-आठ महिन्यानं तो लॅकर उतरते," ते हेडलाइटकडे बघत म्हणाले. "उतरला का घेऊन येजो."

"तेवढे दिवस कायले, बाबा? पुढच्या रविवारीच येते ना."

गाडी गल्लीतून वळून दिसेनाशी झाली. गुलाबराव माझ्याकडे आले.

"आयकलं का, मास्तर? पुढच्या रविवारी येते म्हणते."

मी तिथंच उभा होतो. शब्द न् शब्द ऐकला होता.

"काय सांगता!" मी म्हणालो.