तीन ग्रॅमचा चोर

"प्रयोग ना? मी करून देतो. त्यात काय मोठं!" असं म्हणून काटेसाहेबांनी रविवारी दुपारी सुखातला जीव दुःखात घातला.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या फाटकावर ट्रक तोलायचा मोठा काटा असतो ना, त्यावरचे ते कारकून. (साहेब हे लोक गमतीने म्हणत. त्यांनी ते मनावर घेतलं होतं.) लेकीला दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं, की रासायनिक क्रियेत वस्तुमान वाढतही नाही आणि घटतही नाही. आणि ते बघायला मुद्दाम सासरे आले होते, जन्मभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लग्न ठरताना त्यांनी भावी जावयाला पाण्याचं सूत्र विचारलं होतं, तर हे म्हणाले होते, "साध्या की उकळलेल्या?" तेव्हापासून सासऱ्यांच्या लेखी जावई म्हणजे शुद्ध ढ. आज तो डाग धुऊन काढायचा होता.

"आत किती आणि बाहेर किती! अगं, हे तर माझं रोजचंच काम," असं म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर व्हिनेगरची बाटली ठेवली, शेजारी वाटीत चमचाभर खाण्याचा सोडा. आकडा घोकून ठेवला. सोडा बाटलीत ओतून वाटी परत काट्यावर ठेवली. फसफस झाली, फेस वर आला, खाली बसला. वजन तीन ग्रॅम कमी!

पुन्हा केलं. पुन्हा तीन ग्रॅम कमी.

आता फाटकावर माल कमी भरला की त्याचा एकच अर्थ असतो, कोणीतरी हात मारला. नोकरीच्या इतक्या वर्षांत दुसरा अर्थ त्यांना माहीतच नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं.

"कोणी घेतलं? खरं बोला, मी काही करणार नाही."

"अहो, फेस कोण चोरणार?" बायको म्हणाली.

"हात दाखव."

"भांडी घासतेय मी! साबण आहे हाताला. तोही तोला हवं तर."

तेवढ्यात, पाहुणा म्हणून आलेल्या मेहुण्याने मान खाली घातली. "दाजी, मी घेतला. चिमूटभर सोडा. जेवण जरा जड झालं होतं." आणि पुरावा म्हणून त्याने लांबलचक ढेकर दिली.

"सापडला!" काटेसाहेब ओरडले. मेहुण्याची रवानगी गॅलरीत झाली. प्रयोग पुन्हा झाला. आणि पुन्हा तीन ग्रॅम कमी! चोर बाहेर, कडी आतून, तरी माल गायब. काटेसाहेबांचं डोकंच चालेना.

"बाबा, तो वायू..." लेक म्हणाली.

"थांब गं, मला विचार करू दे."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "जावईबापू, घाबरू नका. मोठमोठे पंडित असेच चक्रावले होते. लाकूड जाळलं की राख हलकी, पण धातू तापवला की त्याची राख जड! ते म्हणायचे, जळताना वस्तूतून काहीतरी निघून जातं. मग वजन वाढतं कसं? तर म्हणे, त्या निघून जाणाऱ्याचं वजन उणे असतं."

"उणे वजन? आमच्या फाटकावर कोणी असं सांगितलं तर त्याला बसवूनच ठेवू!"

"मग फ्रान्समध्ये एकाने भांडं गच्च बंद करून सगळं तोललं. तो करवसुलीतला माणूस."

"म्हणजे आमच्यातलाच की! मग मोठा मान मिळाला असेल?"

"डोकं उडवलं लोकांनी."

"वजन चुकलं म्हणून?"

"नाही हो, करवसुलीपायी."

यातलं 'भांडं गच्च बंद' एवढंच काटेसाहेबांच्या ध्यानात राहिलं. त्यांनी सगळ्यात जाड प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्यात उरलेलं सगळं व्हिनेगर ओतलं. पुन्हा काही कमी पडायला नको म्हणून उरलेला सगळा सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत टाकला, वर रबरी बूच दाबलं आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. बाटली काट्यावर ठेवली. बाटली गुरगुरू लागली, पण आकडा जागचा हलेना.

"या! बघा! एक ग्रॅम कमी नाही!" त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "मामंजी, चष्मा लावून बघा!"

सासरे चष्मा लावून वाकले.

धडाम!

बूच छताला लागलं. फेस सासऱ्यांच्या टकलावरून चष्म्यावर, चष्म्यावरून सदऱ्यावर उतरला.

"नियम बरोबर आहे," सासरे शांतपणे म्हणाले. "नष्ट काहीच झालं नाही. सगळं माझ्या अंगावर आहे."

लेक मात्र रडायला लागली. सोडा संपला, व्हिनेगर संपलं, उद्या दाखवायचं काय? काटेसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मुकाट्याने दुकानात गेले आणि दोन्ही घेऊन आले. "आता तू कर बाई," एवढंच म्हणाले.

सोमवारी शाळेच्या सभागृहात लेकीने चमचाभरच सोडा घेतला आणि बाटलीला फिरकीचं झाकण घट्ट लावलं. आकडा हलला नाही. मग झाकण जरा सैल केलं. फुस्स झालं, आणि वजन घटलं. "हा तो चोर. वायू!" ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. काटेसाहेबांची छाती फुगली, डोळे भरून आले.

मग ते अभिमानाने तिचा तक्ता वाचायला गेले. मथळा होता, 'या नियमाने कोणाकोणाला गोंधळात टाकलं'. पहिल्या चौकटीत उणे वजनवाले पंडित. दुसऱ्या चौकटीत, रंगीत चित्रासह, 'माझे बाबा'.

मागून सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, अभिनंदन. विज्ञानाच्या इतिहासात नाव आलं एकदाचं!"