अकरावे ठिगळ

एका जंगलात एक गाभा होता.

मुलांनो, गाभा म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर मध्येच विचाराल. त्या जंगलात घरोघरी यंत्रे होती आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात हा एकच गाभा चाले. तो कोणाच्याच मालकीचा नव्हता. कोणीही आत डोकावावे, कोणीही सुधारावे. सुधारणेला ते लोक ठिगळ म्हणत. ठिगळ लिहायचे, पिंपळाच्या फांदीवर सगळ्यांना दिसेल असे टांगायचे आणि वाट पाहायची. वाट पाहणे हा त्या कामाचा मुख्य भाग होता.

मूळ गाभा एका झाडाच्या ढोलीत ठेवलेला असे. ढोलीत धनेशबाई बसत. धनेश पक्ष्याची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. या धनेशबाईंची फट दोन महिन्यांतून एकदा, पंधरा दिवस उघडत असे. त्या पंधरवड्यात जे ठिगळ आत गेले, ते गेले. बाकीच्यांनी पुन्हा पिंपळाखाली बसायचे.

याच जंगलात काटेतात्या राहत. ते साळिंदर होते. अंगभर लेखण्या घेऊनच जन्माला आल्यामुळे त्यांना कारकुनीशिवाय दुसरे काही सुचले नव्हते. सिंहाच्या कचेरीत चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले. या चौतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही निर्णय घेतला नाही. इतरांचे अर्ज परत पाठवले. समास तीन बोटांचा हवा, यांचा अडीच आहे. तारीख उजवीकडे हवी, यांची डावीकडे आहे. परत जाणाऱ्या प्रत्येक अर्जावर ते एक ठरलेले वाक्य लिहीत: 'आशय मान्य. स्वरूप दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.' ते लिहिताना त्यांच्या पाठीवरचे काटे उभे राहत. समाधानाने.

तात्यांच्या शेजारी चिचूमावशी नावाची चिचुंद्री राहत असे. तिला दिसत नसे. पण तिच्याकडे एक जुनी ठिपक्यांची पाटी होती. वाचनालयातल्या यंत्राला ती जोडली की पडद्यावरची ओळ पाटीवर उंच ठिपक्यांनी उठे आणि मावशी बोट फिरवून वाचे. ही पाटी मिळवायला तिने सिंहाच्या कचेरीत अर्ज केला होता. तो तीनदा परत आला होता. कोणाच्या सहीने, ते तात्या विसरले होते. मावशी विसरली नव्हती.

तर एके दिवशी वाचनालयाच्या यंत्रात नवा गाभा बसवला गेला आणि पाटी गप्प झाली. ती नेमकी अशा वेळी, जेव्हा मावशीची रहस्यकथा संपायला एकच प्रकरण उरले होते. कथेत एका कचेरीच्या बाकावर एक अर्जदार मेलेला सापडतो. संशयित चौघे: मामलेदार, नाझर, शिपाई आणि कारकून.

"तात्या, माझी पाटी मेली का हो?"

"मेली नाही. नव्या गाभ्याला तिची ओळख उरली नाही."

"मग ओळख करून द्या. चौतीस वर्षं कचेरीत दुसरं काय केलंत?"

"ओळखत नाही असं सांगितलं," तात्या म्हणाले. ते प्रामाणिक होते. "मी शेवटचं प्रकरण वाचून दाखवू का?"

"नको. तुम्ही प्रत्येक वाक्यावर शेरा माराल. माझं पुस्तक मीच वाचणार."

"बरं. पण एक सांगतो. खुनी कारकून नसणार. कारकुनाला तेवढा वेळ नसतो."

"मला नाझराचा संशय आहे," मावशी म्हणाली.

यंत्राची आणि गाभ्याची ओळख करून देणाऱ्या दुभाष्याला त्या जंगलात ड्रायव्हर म्हणत. तो काहीच चालवत नसे, फक्त एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगे. तात्यांना वाटले, हे तर आपलेच काम. त्यांनी गाभ्याची भाषा शिकून घेतली. दुसऱ्या एका पाटीचा ड्रायव्हर समोर ठेवला, त्यावरून साठ ओळी लिहिल्या आणि मावशीची पाटी एक दिवस आपल्या घरच्या यंत्राला जोडली. पडद्यावर त्यांनी लिहिले, 'चिचूमावशी'. मावशीने बोट फिरवले. मग पुन्हा फिरवले.

"माझं नाव आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने बोट उचललेच नाही.

काम इथे झाले होते, मुलांनो. पण मावशीचे पुस्तक वाचनालयाच्या यंत्रात होते आणि वाचनालयाचा नियम कडक होता. धनेशबाईंच्या फटीतून गेलेलेच ठिगळ तिथे चालत असे. तात्यांनी ठिगळ लिहून काढले, खाली सही केली आणि सहीखाली रीतीप्रमाणे साक्ष जोडली: 'चालवून पाहिले, चिचूमावशी.' मग ते पिंपळावर टांगले.

सर्वात आधी सुतार पक्षी आला. तो ठिगळ वाचत नसे. नुसती चोच मारून बघे.

"ओळीच्या सुरुवातीला आठ मोकळ्या जागा सोडल्यात," तो म्हणाला. "तिथे एक टॅब हवा, म्हणजे एकाच कळीने सोडलेली तेवढीच जागा."

"दिसायला दोन्ही सारखंच ना?"

"सारखं दिसतं म्हणूनच मला इथे ठेवलंय."

तात्या घरी आले. चौतीस वर्षांत त्यांच्या मनात जे कधी आले नव्हते, ते आज आले. ते म्हणाले, "आशय बघायला नको का?"

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. "तीन बोटं समास, तात्या," ती म्हणाली.

दुसरे ठिगळ टांगले. आता टिटवीबाई आल्या. ठिपक्यांच्या पाट्यांचे खाते त्यांच्याकडे होते. त्या लांबूनच ओरडत येत, त्यामुळे पत्र पोचण्याआधी सगळ्या जंगलाला कळे.

"ही पाटी आता वापरतं कोण?"

"एक चिचुंद्री."

"एकच?"

"तिच्या आधीच्या मेल्या असाव्यात. त्यांचे अर्ज प्रलंबित होते."

टिटवीबाईंनी हे म्हणणे नोंदवून घेतले आणि साठ ओळींचे एकच ठिगळ फार मोठे आहे, त्याचे सात तुकडे करा, असे कळवले. तात्यांनी सात तुकडे केले. मग असे ठरले की तिसरा तुकडा पहिल्याआधी हवा. मग वर उत्तर आणि खाली प्रश्न असे पत्र लिहिल्याबद्दल तात्यांची चारचौघांत कानउघाडणी झाली. तिथे प्रश्न वर ठेवून उत्तर त्याखाली लिहायची रीत होती. मग एका रानकोंबड्याने विचारले की ड्रायव्हरमध्ये 'बोट' हे नाव का, 'अंगुली' का नाही. रानकोंबड्याने आयुष्यात पाटी पाहिलेली नव्हती. या प्रश्नावर चौदा पत्रे झाली. त्यांतली पाच तात्यांची होती.

सहावे ठिगळ सगळ्यांना पसंत पडले. ते घेऊन तात्या ढोलीपाशी गेले, तेव्हा धनेशबाई फटीला चिखल लावत होत्या.

"आता दोन महिन्यांनी," आतून आवाज आला.

"बाई, एकच प्रकरण राहिलंय तिचं."

"सगळ्यांचं एकच राहिलेलं असतं," धनेशबाई म्हणाल्या आणि उरलेला चिखल लावला.

फट बंद असतानाही नवे आक्षेप येतच राहिले, आणि आलेले प्रत्येक पत्र तात्या मावशीला वाचून दाखवत. ती ओट्यावर बसून ऐके. ऐकता ऐकता तिला गाभ्याची भाषा येऊ लागली. तात्यांच्या बाबतीत मात्र काही वेगळेच घडत होते. आधी ते पत्र वाचताना चिडत. मग प्रत्येक पत्र दोनदा वाचू लागले. पुढे पुढे पत्र आले नाही की त्यांना करमेना.

"सुतार काय शिस्तीचा आहे, मावशी. एक मोकळी जागा सुटत नाही त्याच्या चोचीतून."

"पाटी कधी चालू होईल?"

"होईल की. पण नव्या मसुद्याची मांडणी ऐका. सुरुवातीला नावं जाहीर करायच्या ज्या ओळी असतात, त्यांत सगळ्यात लांब ओळ वर, मग त्याहून आखूड, मग त्याहून. उलटं धरलेलं झाड जणू."

"बरं," मावशी म्हणाली. "माझा आता शिपायावर संशय आहे."

नववे ठिगळ करताना तात्यांनी सगळे पुन्हा नीट लिहून काढले. पाटीवर ठिपक्यांची चाळीस घरे होती. मूळ ड्रायव्हरवरून उतरवताना त्यांनी घरांची मोजणी शून्यापासून ठेवली होती, कारण यंत्रे शून्यापासून मोजतात. आता त्यांना ते खटकले. आवक रजिस्टरात अनुक्रमांक शून्य त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मोजणी एकपासून केली. ओळ नीटनेटकी दिसू लागली. सुताराने चोच मारली, टॅब जागेवर होता. टिटवीबाईंनी तुकडे मोजले, सात होते. पाटी जोडून पाहायला कोणी सांगितले नाही, आणि सांगितल्याशिवाय काही करण्याची तात्यांना सवय नव्हती. साक्ष मात्र खाली तशीच होती: 'चालवून पाहिले, चिचूमावशी.'

अकरावे ठिगळ फटीतून आत गेले. पिंपळावर तात्यांचे अभिनंदन झाले. आणि त्या जंगलात एक नियम होता: ज्याचे नाव ड्रायव्हरवर, तोच यापुढे त्याचा सांभाळकर्ता. त्यात कोणी काही सुचवले, तर आधी त्याने पाहायचे, पसंत असेल तरच फटीकडे धाडायचे. टिटवीबाईंनी तसे पत्र दिले. तात्यांनी ते भिंतीवर लावले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना लवकर जाग येऊ लागली.

वाचनालयात नवा गाभा बसला. मावशीने पाटी जोडली, बोट फिरवले. पहिले घर रिकामे होते. सगळी ओळ एक घर उजवीकडे सरकली होती आणि प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर पाटीबाहेर पडून नाहीसे होत होते. शेवटच्या प्रकरणात संशयितांची नुसती आद्याक्षरे दिली होती, आणि ती नेमकी ओळींच्या टोकाला होती.

मावशी रडली नाही. अकरा ठिगळांची पत्रे तिने ऐकली होती. चूक कुठे असणार हे तिला कळले. तिने एका ओळीचे ठिगळ लिहिले: मोजणी एकपासून नको, शून्यापासून करावी. लिहिलेले तिला नीट वाचून बघता येत नव्हते, कारण वाचायला होती ती हीच सरकलेली पाटी. तिने ते तसेच टांगले. खाली सही केली. साक्षही जोडली, या वेळी खरी: 'अकरावे चालवून पाहिले, ओळ सरकते, चिचूमावशी.'

ठिगळ सांभाळकर्त्याकडे आले. तात्यांनी वाचले. चूक त्यांची होती आणि दुरुस्ती बरोबर होती. त्यांना ते लगेच समजले आणि वाईटही वाटले. धनेशबाईंची फट आणखी चार दिवस उघडी होती.

मग त्यांचे लक्ष ओळीच्या सुरुवातीला गेले. तिथे आठ मोकळ्या जागा होत्या.

त्या पुसून एक टॅब टाकायला एक क्षण पुरला असता. हे तात्यांच्या मनात आले नाही असे नाही, मुलांनो. आले होते. पण तोवर पाठीवरचे काटे उभे राहिले होते, आणि त्यांतला एक हातात आला होता. त्यांनी लिहिले: 'आशय मान्य. स्वरूप दुरुस्त करून पुन्हा सादर करावे. पुन्हा सादर करणार का, ते कळवावे.'

पाचव्या दिवशी फट लिंपली गेली. त्याच दिवशी पिंपळावर मावशीचे उत्तर आले. वर तात्यांचा प्रश्न जसाच्या तसा होता आणि त्याखाली उत्तर:

'पुन्हा सादर करणार नाही. आता गरज नाही. शेवटचे प्रकरण न वाचताच मला खुनी कळला. कारकून.'

तात्यांनी ते पत्र दोनदा तपासले. समास बरोबर होता, तारीख उजवीकडे होती, प्रश्न वर आणि उत्तर खाली होते. परत पाठवण्यासारखे त्यात काहीच सापडेना. तेव्हा कुठे त्यांचे काटे खाली बसले.

तात्पर्य: मुलांनो, कितीही वेळा परत पाठवले तरी धीर सोडू नका. चिकाटीने लागून राहिलात, तर एक दिवस तुम्हीही दुसऱ्याला परत पाठवण्याइतके मोठे व्हाल.