भुजंगकाकांचा टायमिंग बेल्ट

आमच्या शेजारचे भुजंगकाका बीपीची गोळी हटकून विसरतात, पण आपल्या छोट्या ट्रकचा टायमिंग बेल्ट दरवर्षी न चुकता बदलतात. कंपनी म्हणते, बेल्ट बरीच वर्षं टिकतो. काका म्हणतात, "कंपनी येणार हाय का भोकरच्या रस्त्यावर धक्का मारायला?"

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या आतला दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचे बारा वाजतात. हे ज्ञान काकांनी मला मी न विचारताच दिलं. गल्लीत कुणाची गाडी जरा खट्ट वाजली की ते हजर. "बेल्ट बघितला का? आरं, बेल्ट म्हंजे पायजम्याची नाडी. तुटल्यावर बघू म्हणतो का आपण?" एका लग्नात तर ते नवरदेवाच्याच गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले. भटजी ओरडत होते, काका वाकलेलेच.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. या कामाला ते नांदेड सोडून थेट लातूरला जायचे. "इथली गॅरेजं काय ओस पडली?" असं विचारलं की म्हणायचे, "त्या मिस्त्रीच्या हाताला गुण हाय."

यंदा मलाही लातूरला काम होतं, म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. मिस्त्रीने कव्हर काढून बेल्टवरून बोट फिरवलं. "काका, नवाच्या नवा हाय की. जावा माघारी."

काकांचा चेहरा पार उतरला. "न्हाई न्हाई, तू खोल. आमाला काय घाई न्हाई."

तेवढ्यात समोरच्या घरातून काकांची लेक मंदा डबा घेऊन आली. तिला लातूरला दिलंय हे ठाऊक होतं. गॅरेजच्या समोरच दिलंय, हे आत्ता कळलं. काका जुन्या वळणाचे. दिल्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. घरी जावं तर चहाला नको म्हणावं लागणार, आणि तिचे डोळे भरून येणार. गॅरेजच्या बाकड्याला मात्र नेम लागू नव्हता.

बापलेक बाकड्यावर भाकरी खात बसले. "लई तिखट केलीस," म्हणत काकांनी पुन्हा भाजी घेतली. तेवढा वेळ त्यांच्या तोंडून बेल्टचं नाव निघालं नाही. वर्षानुवर्षं या माणसाला हसत आलेला मी उठून ट्रकच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

उन्हं कलायच्या आत मिस्त्रीने नवा बेल्ट आणि तो ताणून धरणारा रोलर चढवला, इंजिन हाताने फिरवून खुणा जुळल्याची खात्री केली आणि चावी दिली. पहिल्या फटक्यात सुरू. मंदाने रिकामा डबा उचलला. "झालं का हो बाबा?"

काका इंजिनाला कान लावून बराच वेळ उभे राहिले.

"पाण्याचा पंप कुरकुर करून राहिलाय," ते मिस्त्रीला म्हणाले. "तेवढा बदलून टाक."

पंप बेल्टच्या मागे असतो. म्हणजे चढवलेलं सगळं पुन्हा उतरवायचं. मिस्त्रीने एकदा मंदाकडे पाहिलं आणि पाना उचलला.